सोनाजीरावांचं सायलेंट जनरेटर

लाईट गेली की सोनाजी मदन्यांचा दिवस सुरू व्हायचा.

बाकी सगळ्या शहराचं उलटं होतं. ती भारनियमनाची सालं. संध्याकाळी साडेसहाला गेलेली लाईट नऊला यायची आणि त्या अडीच तासांत अख्खं शहर घामानं निथळत लाईटवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत बसायचं. मुकुंदवाडीत स्टेशनाच्या अलीकडं जी चिंचोळी गल्ली आत वळते, तिथं मात्र पंखा थांबला, टीव्हीचं तोंड मिटलं, की सोनाजीराव धुतलेला सदरा अंगात घालून ओट्यावर सतरंजी अंथरायचे. कोपऱ्यात माठ, माठावर पितळी पेला. कंदील मुद्दाम आतल्या खोलीत. गोष्टीला उजेड मानवत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

पाच-दहा मिनिटांत ओटा भरायचा. पोस्टात टपाल निवडणारा बन्सी यायचा, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान बंद करून हबीब यायचा, बायका राजाबाईंच्या बाजूला लसणाच्या पाकळ्या सोलत बसायच्या. राजाबाई म्हणजे सोनाजीरावांच्या मंडळी. आणि सगळ्यात पुढं, भिंतीला पाठ लावून, समोरच्या घरातले नानासाहेब दाभाडे. सहकारी बँकेतून रिटायर झालेले, अंगानं भारदस्त, आवाजानं घोगरे.

सोनाजीराव पाटबंधारे खात्यात. आता ऑफिसात टेबलावर बसत असले तरी उमेदीची बारा वर्षं त्यांनी कालव्यावर काढली होती आणि त्या बारा वर्षांतून त्यांनी एकच गोष्ट घरी आणली होती, अकरा नंबरच्या गेटाची. अवसेचा अंधार, कालव्याच्या कडेनं चाललेली सायकल, बॅटरीतले सेल संपलेले, आणि कुणी हात न लावता कुरकुरत वर चाललेलं लोखंडी गेट. "आणि अंधारात मला दिसलं…" इथवर यायला सोनाजीरावांना सात-आठ दिवस लागायचे. मधे कालव्यातल्या मासळीची, जुन्या साहेबाच्या घोड्याची, सासुरवाडीच्या मानपानाची वळणं असायची. आणि नेमकं "मला दिसलं" म्हणायला आणि लाईट यायला गाठ पडायची. लाईट आली की बैठक मोडायची. तीन वर्षं झाली, अकरा नंबरच्या गेटावर काय दिसलं ते गल्लीला ठाऊक नव्हतं, आणि तरी गल्ली रोज येत होती.

आता गोष्ट म्हटलं की हुंकारा लागतो. सोनाजीरावांचे वडील बिरू मदने मेंढरं राखायचे आणि ओव्या गायचे. मागं झील धरायला माणूस नसेल तर ते तोंडच उघडायचे नाहीत. सोनाजीरावांचं तेच. आणि हुंकारा द्यावा तर नानासाहेबांनी. त्यांचा "हूं" पोटातून यायचा. साधा "हूं", भीतीच्या जागेला जरा लांबवलेला "हूंऽ", आणि सोनाजीराव उगाच पाणी प्यायला थांबले की हळूच टाकलेलं "मग?" त्या "मग?"वर सोनाजीराव जगत होते म्हटलं तरी चालेल. घरात त्यांना "मग?" असं विचारणारं कुणी नव्हतं. ऑफिसात तर नव्हतंच.

दसरा होऊन चार दिवस झाले असतील. गोष्ट ऐन रंगात होती. सायकल बाभळीला टेकवून झाली होती, गेट कुरकुरायला लागलं होतं. नानासाहेब नेमके त्या दिवशी आले नव्हते, त्यामुळं हुंकाऱ्याचं काम बन्सीकडं होतं आणि तो प्रत्येक वाक्याला "बरोबर हाय" म्हणत होता, जणू सोनाजीराव परीक्षेला बसले होते. तरी सोनाजीरावांनी नेटानं गोष्ट ओढत आणली.

"आणि त्या अंधारात मला दिसलं…"

समोर नानासाहेबांच्या अंगणात काहीतरी फटफटलं आणि त्यांच्या व्हरांड्यातली ट्यूब लागली.

गल्लीच्या सगळ्या माना एकदम तिकडं फिरल्या. नानासाहेबांच्या पुण्याच्या पोरानं बापाला जनरेटर पाठवलं होतं. लाल रंगाचं, सुटकेसएवढं. बन्सी "जरा बघून येतो" म्हणून उठला. हबीब मशीनवालाच, त्याला राहवलं तर नवल. बायकांना मालिकेचं गाणं ऐकू आलं आणि लसणासकट सगळ्या समोर गेल्या. शेवटी राजाबाई उठल्या.

"तू कुठं?" सोनाजीराव म्हणाले.

"आले जरा बघून. बरं दिसत नाय, शेजार हाय."

ते "जरा" नऊ वाजता संपलं. तोवर सोनाजीराव माठाशेजारी एकटे बसून होते. दोन पेले पाणी प्यायले आणि थांबून बघितलं, पण "मग?" म्हणायला कुणी नव्हतं.

सोनाजीराव जळले. याला दुसरा शब्द नाही. लोक म्हणतात मन खट्टू झालं, वाईट वाटलं. ती सगळी पाहुण्यांसमोर बोलायची भाषा. सोनाजीराव ओल्या गवरीसारखे जळले, जाळ कमी आणि धूर जास्त. दुसऱ्या दिवशी ओटा रिकामा. तिसऱ्या दिवशी रिकामा. चौथ्या दिवशी त्यांनी पाहिलं की गल्लीतली पाखरं-किडेसुद्धा झाडून नानासाहेबांच्या ट्यूबभोवती जमलेत, आपल्याकडं एक डाससुद्धा फिरकत नाही. तेही त्यांना लागलं.

"त्या ट्यूबचा रंगच पांढराफटक हाय, दवाखान्यासारखा," ते राजाबाईंना म्हणाले. "डोळे जातील त्यांचे."

"तुम्ही लांबून बघताय म्हणून तसं वाटतंय. जवळून बरा वाटतोय."

नानासाहेबांनी एकदा व्हरांड्यातूनच हाक मारली, "या ना सोनाजीराव, उजेडात बसा."

उजेडात बसा. म्हणजे आजवर तीन वर्षं गल्ली कुठं बसत होती, सोनाजीरावांच्या अंधारात? तो शब्द त्यांच्या काळजात काट्यासारखा रुतला आणि त्यांनी ठरवलं, जनरेटर घ्यायचं. नुसतं घ्यायचं नाही, नानासाहेबांच्यापेक्षा मोठं घ्यायचं.

मोठं म्हणजे केवढं, हे ठरवायला आधी नानासाहेबांचं केवढं हे कळायला हवं. दुपारी गल्ली सामसूम बघून सोनाजीराव समोरच्या अंगणात शिरले आणि मशीनच्या पाठीमागच्या पट्टीवरचे आकडे वाचायला वाकले. चष्मा घरी राहिला होता, त्यामुळं फारच वाकावं लागलं.

"काय शोधताय, सोनाजीराव?" मागून घोगरा आवाज आला.

"चप्पल."

"ती तुमच्या पायात हाय."

"मग सापडली म्हणायची," सोनाजीराव सरळ होत म्हणाले.

नानासाहेब त्यांच्याकडं बघत उभे राहिले. मग खाली मान घालून विचारलं, "गोष्ट कुठवर आली?"

आता याला जखमेवर मीठ चोळणं म्हणत नाहीत तर काय म्हणतात? माणसं आपल्या व्हरांड्यात नेऊन बसवायची आणि वर विचारायचं, गोष्ट कुठवर आली. सोनाजीराव काही न बोलता घरी आले आणि त्या रागातच त्यांनी कागद घेऊन लोडाचा हिशोब मांडला. चार ट्यूब, तीन पंखे, टीव्ही, मिक्सर, पाण्याची मोटर, देवघरातला झिरोचा बल्ब, कूलर, इस्त्री.

"कूलर थंडीच्या तोंडावर?" राजाबाईंनी विचारलं.

"लोड मोजताना ऋतू बघत नसतात."

"आन इस्त्री? आपल्याकडं इस्त्री नाय."

"घेऊ."

गल्लीला वास लागायला वेळ लागत नाही. संध्याकाळी बन्सी आला, पण गोष्टीसाठी नाही, सल्ल्यासाठी. बन्सीचा एक मेव्हणा शेंद्र्याच्या कारखान्यात होता आणि जगात असं यंत्र नव्हतं ज्याबद्दल त्या मेव्हण्याचं मत नाही. "मेव्हणा म्हणतो डिझेल. डिझेलशिवाय मजा नाय. मेव्हण्यानं एका फटक्यात चालू केलंय, रुग्णवाहिकेएवढं होतं."

हबीबनं मात्र डोकं खाजवलं. "साहेब, माझं ऐका. इन्व्हर्टर घ्या. बिचारं कोपऱ्यात गप बसतंय, ना धूर ना आवाज."

"अरे, गप बसलं तर लोकांना कळायचं कसं, आपल्याकडं हाय म्हणून?"

"मग जनरेटर घ्या. त्याचा आवाज स्टेशनापर्यंत जातोय."

"आवाज नको. आवाजात गोष्ट कशी सांगणार?"

"म्हणजे मोठं पायजे, दिसाया पायजे, आन आवाज नाय पायजे." हबीबनं सुस्कारा टाकला. "साहेब, बैल पायजे पन शेण नको, असं झालं हे."

सोनाजीराव कुणाचं ऐकणारे नव्हते. शनिवारी ते शहागंजात नूरमोहम्मद शेठच्या दुकानात गेले. शेठ तब्येतीनं आडवे, दाढीला मेंदी, बोलणं मुरंब्यासारखं मुरलेलं.

"आओ साब. घर के वास्ते, के दुकान के वास्ते?"

"घरासाठी. पण शेठ, एक बघा. सायलेंट पाहिजे. एकदम सायलेंट."

"हौ साब, है ना." शेठनी एका निळ्या धुडाच्या बुडाशी असलेल्या काळ्या डब्यावर प्रेमानं थाप मारली. "ये देखो सायलेन्सर. कंपनी का. लोखंड देखो उसका."

सोनाजीरावांनी लोखंड बघितलं. लोखंडात नाव ठेवायला जागा नव्हती. "म्हणजे सायलेंट?"

"सायलेन्सर हैच, तो सायलेंटच हुआ ना साब. बगैर सायलेन्सर का माल हम रखतेच नै."

सोनाजीरावांनी कालव्यानंतरची सगळी नोकरी शब्दांवरच काढलेली. सायलेंट आणि सायलेन्सर यांत शेवटच्या एक-दोन अक्षरांचा फरक त्यांनी पाहिला, पण तो प्रत्ययाचा फरक असावा, असं त्यांना वाटलं. चालू करून दाखवा म्हणायचा विचार आला होता, तर शेठ म्हणाले टाकी कोरडी आहे, आणि बाजाराच्या या कल्लोळात साहेबांना ऐकू तरी काय येणार? हेही खरंच होतं. नानासाहेबांच्या मशीनच्या तिप्पट ताकदीचं ते निळं धूड टेम्पोत चढलं.

त्याची रीत अशी होती की पेट्रोलवर चालू करायचं आणि गरम झालं की कॉक फिरवून राकेलवर घ्यायचं. रेशनच्या कचेरीत जाळीमागच्या कारकुनानं कार्ड उलटं-सुलटं केलं.

"गॅस हाय?"

"हाय."

"मग राकेल नाय."

"घरासाठी नकोय. जनरेटरसाठी पाहिजे."

"कार्डावर नाव हाय का?"

"माझंच कार्ड हाय."

"तुमचं नव्हं, जनरेटरचं. कार्डावर ज्याचं नाव, त्याला राकेल."

सोनाजीरावांनी रीतसर अर्ज लिहिला, विषय: घरगुती जनित्रास राकेल मिळणेबाबत. कारकून म्हणाला, "उद्या या." हे दोन शब्द सोनाजीरावांनी नोकरीत हजारदा दुसऱ्यांना म्हटले होते. ते समोरून येतात तेव्हा असे लागतात, हे त्यांना माहीत नव्हतं. ते उद्या गेले, परवा गेले. चौथ्या दिवशी कळलं की अर्जदार पाटबंधारे खात्यातला असल्यानं अर्ज त्या खात्याकडं अभिप्रायासाठी गेला आहे. सोनाजीराव धावतपळत ऑफिसात आले. अर्ज त्यांच्याच टेबलावर होता. दोन दिवसांपूर्वी त्यांनीच त्यावर न वाचता "तपासून फेरसादर करावा" असा शेरा मारून तो गठ्ठ्याच्या तळाशी घातला होता.

अखेर राकेल दिलं ते जैतुनबीनं. जैतुनबी म्हणजे हबीबची आई, सत्तरीच्या पुढची. गल्ली वळते तिथं वळणापलीकडं शेवटचं घर त्यांचं. ती अजून चूल पेटवायची, त्यामुळं कार्डावरचं राकेल साठून राहायचं. तिनं डबा पुढं सरकवला.

"ले जा, सोनाजी. मेरे को कायकू लगता? पन एक बात बोल. इत्ता तेल अंधेरा भगाने कू? अंधेरे ने तेरा क्या बिगाडा?"

"खाला, तुम्हाला नाय कळायचं," सोनाजीराव म्हणाले. त्यांनाही कळलं नव्हतं, पण हे ते बोलले नाहीत.

मशीन कुठं ठेवायचं यावर हबीबशी वाजलं. हबीब म्हणे मागच्या अंगणात. सोनाजीराव म्हणे पुढं, ओट्याला लागून, आणि धुराचं नळकांडं नानासाहेबांच्या दिशेला. ओट्यावर चार ट्यूब लागल्या. वर एक हॅलोजनचा फोकस लागला, असा की त्याचा झोत थेट समोरच्या व्हरांड्यात पडावा. नानासाहेबांना उजेडात बसायची हौस होती ना.

उद्घाटनाला सोनाजीराव घरोघर फिरून आमंत्रण देऊन आले. नानासाहेबांकडं तर नवराबायको दोघं गेले. "नारळ तुमच्याच हातानं फोडायचा," सोनाजीराव त्यांना म्हणाले. बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर असा गोडवा होता की राजाबाईंनी घरी आल्यावर विचारलं, "पित्त झालंय का तुम्हाला?"

साडेसहाला लाईट गेली. तीन आठवड्यांनी ओटा पुन्हा भरला, आणि बघून सोनाजीरावांचा ऊर भरून आला. राजाबाईंनी निळ्या धुडाला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. नानासाहेबांनी दगडावर नारळ फोडला आणि रीत म्हणून पाण्याची धार मशीनवर धरली. रीत जुनी आहे, ट्रॅक्टरला चालते, मोटरसायकलला चालते. या मशीनचा प्लग मात्र नेमका वरच्या अंगाला होता आणि नारळ पाणीदार निघाला.

सोनाजीरावांनी दोरी ओढली. मशीन हललं, बोललं काही नाही. पुन्हा ओढली. मग हबीबनं ओढली, बन्सीनं ओढली. मेव्हण्यानं एका फटक्यात चालू केलं असतं, असं बन्सी म्हणाला. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. सोनाजीरावांच्या कपाळावरचा टिळा घामानं नाकावर आला. हबीबनं प्लग काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा बसवला आणि सगळे थकून बसलेले असताना नानासाहेब खालच्या आवाजात म्हणाले, "चोक ओढलाय का?"

चोक ओढलेला नव्हता. चोक ओढला. आणि मशीन लागलं.

आवाजाचं वर्णन करणं अवघड आहे, कारण त्यानंतर कुणाला काही ऐकूच आलं नाही. एवढं सांगता येईल की मांडणीवरची ताटं एकेक करून पुढं सरकत आली आणि खाली उडी घेतली. माठातलं पाणी थरथरायला लागलं. वरच्या चिंचेवरचे बगळे उठून गेले ते त्या सालात परत आले नाहीत. कंपनीचा सायलेन्सर आपल्या जागी इमानानं लटकत होता आणि गाभ्यापासून गरजत होता. धुराचा लोट मात्र वाऱ्यानं नानासाहेबांकडं न जाता देवघरात शिरला.

चार ट्यूब आणि फोकस असा लख्ख उजेड पडला. त्या उजेडात सोनाजीरावांनी सतरंजीवर मांडी घातली, घसा खाकरला आणि गोष्टीला सुरुवात केली.

"अवसेचा अंधार होता," ते ओरडले.

"आँ?" असं बन्सीच्या ओठांवरून दिसलं.

"अंधार! काही दिसत नव्हतं!"

"हो, साखर चालते मला," बन्सी ओरडला.

समोर नानासाहेब बसले होते. सोनाजीराव त्यांच्या तोंडाकडं डोळे लावून बोलत राहिले. तोंड मधेच उघडत होतं, मिटत होतं. तो "हूं" होता की जांभई, काही कळेना. सायकल, बाभळ, गेट, सगळं त्यांनी घशाच्या शिरा ताणून सांगितलं, पण ज्याच्यासाठी सांगायचं तो हुंकारा त्या घरघरीत कुठं तरी बुडून गेला होता. अर्ध्या तासात कानांवर हात ठेवून एकेक जण उठला. सगळ्यात शेवटी नानासाहेब उठले. जाताना काहीतरी म्हणाले, पण तेही ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून युद्धच सुरू झालं. साडेसहाला इकडं निळं धूड लागायचं, तिकडं लाल सुटकेस फटफटायची. टीव्हीचा आवाज मशीनच्या वर काढावा म्हणून नानासाहेबांकडचा टीव्ही शेवटच्या आकड्यावर गेला. कुणाचं जास्त वेळ चालतं, यावर सोनाजीराव घड्याळ लावून बसायचे. त्यांनी एक दिवस बारा मिनिटं जास्त चालवलं आणि जेवताना दोनदा बोलून दाखवलं. राजाबाई म्हणाल्या, "एक करा. तुमची गोष्ट ऐकायची तर मशीनचं तोंड बंद करा, नायतर मशीन बघायचं तर तुमचं."

आठवड्यानं सोनाजीरावांच्या ध्यानात आलं की आपला ओटा रिकामा आहे खरा, पण समोरचा व्हरांडाही रिकामा आहे. ट्यूबखाली नुसते किडे. मग गल्ली जाते कुठं? राजाबाईसुद्धा भाजी निवडायची परात घेऊन साडेसहालाच गायब होतात, त्या कुठं?

हे त्यांना कळलं ते टाकीतलं राकेल संपल्यामुळं. मशीन आचके देऊन थांबलं, नानासाहेबांचं लहान मशीन तेवढं फटफटत राहिलं, आणि त्या फटीतून वळणापलीकडून हसणं ऐकू आलं. पाच-दहा नाही, पंचवीस माणसांचं हसणं. जैतुनबीच्या घराकडून.

जैतुनबीकडं जनरेटर नव्हतं, इन्व्हर्टर नव्हता, ट्यूब नव्हती. लाईट असतानाही तिच्याकडं एकच पिवळा बल्ब असायचा. नानासाहेबांवर जळायला निदान काहीतरी कारण होतं, लाल होतं, फटफटत होतं. आता सोनाजीरावांना नुसत्या अंधारावर जळायची पाळी आली, आणि तो अंधारही मुळात त्यांचाच होता. त्यांनी डब्यातलं उरलंसुरलं राकेल टाकीत ओतलं, मशीन पुन्हा लावलं, फोकस तसाच चालू ठेवला, म्हणजे समोरच्याला वाटावं सोनाजीराव घरीच आहेत. आणि मागल्या दारानं, उंबराच्या आडून, भिंतीला हात लावत लावत वळणापलीकडं गेले.

वळणापलीकडं दोन्ही मशीनचा आवाज गाळल्यासारखा येत होता, लांबच्या मालगाडीसारखा. जैतुनबीच्या ओट्यावर माणसांचे नुसते काळे ठिपके दिसत होते. कुणीतरी गोष्ट सांगत होतं.

"…तर सोनाजीराव मोटरसायकल बाभळीला लावतात," बन्सीचा आवाज म्हणाला.

सोनाजीराव भिंतीला धरून थांबले. मोटरसायकल?

"आन गेट वर चाललंय. बरोबर हाय? तर गेटाच्या मागं एक अस्वल."

ओट्यावर कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. त्या राजाबाई होत्या. तीन वर्षांत त्या सोनाजीरावांच्या गोष्टीला कधी "अगं बाई" म्हणाल्या नव्हत्या.

माणसाच्या ओट्यावरची माणसं गेली, तो सोसतो. बायको मालिका बघायला गेली, तेही सोसतो. पण आपली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडात, आणि तिथं तिचे असे हाल. सोनाजीरावांना डोळ्यांत पाणी आलेलं कळलं, आणि अंधार होता म्हणून त्यांनी ते पुसलंही नाही.

"मग," बन्सी रंगात येऊन म्हणाला, "तिथं माझा मेव्हणा…"

"तिथं मेव्हणा नव्हता," सोनाजीराव अंधारातून म्हणाले.

ओट्यावरचे काळे ठिपके आवाजाकडं वळले.

"आन अस्वल पण नव्हतं. कालव्यावर अस्वल कुठून येणार? आन मोटरसायकल तर माझ्याकडं आजपण नाय."

जैतुनबीच्या बांगड्या वाजल्या. "सोनाजी है क्या? आ बेटा, बैठ. ये बन्सी आठ रोज से जैसा याद है वैसा बोल रा. हम बोले, सोनाजी आएगा तो सुधारेगा."

"तुम्ही आलाच नाय मग काय करणार?" बन्सी पुटपुटला आणि सरकून जागा केली.

सोनाजीराव बसले. कुणीतरी हातात पाण्याचा पेला दिला. पाणी प्यायले आणि सुरुवात केली, साध्या आवाजात, ओरडायची गरज नव्हती. "अवस होती. सायकलला बॅटरी होती, पण सेल संपलेले." लोक ऐकत होते हे जाणवत होतं, पण ऐकणं वेगळं आणि हुंकारा वेगळा. "कालव्याला पाणी तुडुंब. वारा पडलेला. आणि गेट कुरकुरायला लागलं." ते थांबले. झील धरणारा नसला की बापाचं तोंड का मिटायचं, ते त्यांना त्या क्षणी कळलं. पुढचा शब्द येईना. जनरेटर घेतलं, फोकस लावला, सगळं केलं, आणि ज्याच्यासाठी केलं तो माणूस तिकडं घरात आपल्या टीव्हीसमोर बसलेला.

"हूंऽ."

अगदी उजव्या हाताला, भिंतीपाशी, पोटातून आलेला.

सोनाजीराव वळले नाहीत. वळून दिसणार काय होतं? त्यांनी कान टवकारून लांबच्या फटफटीकडं ऐकलं. लाल मशीन तिकडं चालू होतं. म्हणजे नानासाहेबही आपली ट्यूब चालू ठेवून मागल्या दारानं आले होते. दोन घरं उजेडानं न्हाऊन निघालेली, दोन मशीनं नरडं ताणून ओरडत, आणि दोघंही मालक इथं अंधारात, अंगाला अंग लागून.

"कधीपासून येताय?" सोनाजीरावांनी हळूच विचारलं.

"पहिल्या दिवसापासून," घोगरा आवाज म्हणाला. "मला त्या मालिका आवडत नाहीत हो. तुम्हाला विचारलं होतं की, गोष्ट कुठवर आली म्हणून. तुम्ही बोललाच नाही."

तेवढ्यात लांबून येणाऱ्या दोन घरघरींतली एक अडखळली. फटफट, फट, फट, आणि थांबली. कुणाची ते सोनाजीरावांना ओळखायला वेळ लागला नाही. निळं धूड अजून गरजत होतं. शांत बसावं, असं त्यांना फार वाटलं. पण महिन्याभराची जळजळ एका हुंकाऱ्यानं निवत नसते.

"तुमचं आधी बंद पडलं, नानासाहेब."

"हूं," नानासाहेब म्हणाले. "मग?"